भ्रमणध्वनीच्या बॅटरीचा जमाखर्च

घरांत आलेला पैसा कोठें जातो हें ज्यास ठाऊक नसतें, तो बहुधा आपल्या मिळकतीस दोष देतो. फोनच्या बॅटरीविषयीं आपण नेमके असेच वागतों. संध्याकाळ होण्यापूर्वींच फोन बंद पडला, कीं "बॅटरी खराब झाली" असा निकाल देऊन आपण मोकळे होतों. बॅटरींत सांठा किती होता, त्यांतून कोणी किती उचललें, याची चौकशी करण्याची तसदी सहसा कोणी घेत नाहीं. वास्तविक ही चौकशी घरच्या घरीं, एक पैसाहि खर्च न करितां, शाळेंतील मुलासहि करतां येते. ती कशी करावी हें आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या आईबापांस सांगावें, या हेतूनें आम्ही हा लेख लिहीत आहों.

लेखास एक प्रसंग कारण झाला. गेल्या पावसाळ्यांत नववीच्या वर्गांतील एका मुलाचे वडील आम्हांस भेटावयास आले. ते रात्रीं दुधाची गाडी चालवितात. त्यांचें घर डोंगराच्या अगदीं पायथ्याशीं, गांवापासून दूर, मळ्यांत आहे. घरीं वृद्ध आई, पत्नी आणि दोन मुलें. रात्रीं ते गाडीवर असतां घरच्या माणसांस एका फोनचाच काय तो आधार. एके दिवशीं दुपारपासून वीज गेलेली होती. रात्रीं दहा वाजतां फोनमध्यें १५ टक्के शिल्लक आहेत असें पाहून, सकाळपर्यंत एवढे पुरतील अशा समजुतीनें मुलाची आई झोंपी गेली. पहांटे साडेतीनच्या सुमारास आजीला एकाएकीं धाप लागली. आईनें फोन हातीं घेतला, तों तो केव्हांच बंद पडलेला. शेवटीं आमचा हा विद्यार्थी अंधारांत, भर पावसांत, अर्धा कोस धांवत शेजारच्या वस्तीवर गेला. तेथून गाडी आली, आणि आजीला वेळेवर दवाखान्यांत नेतां आलें. आजी बरी झाली. परंतु घरच्या मंडळींच्या मनांतील धास्ती मात्र गेली नाहीं.

पुढल्याच आठवड्यांत वडिलांनीं बाजारांत जाऊन बॅटरी बदलून घेतली. कांहीं फरक पडला नाहीं. दुसऱ्या एका दुकानांत त्यांस सांगण्यांत आलें कीं, फोनच निकामी झाला आहे, आतां नवा घ्या. नव्या फोनास लागणारे दहा हजार रुपये त्यांच्यापाशीं होते; पण ते मुलाच्या पुढील वर्षाच्या वसतिगृहासाठीं बाजूस ठेविलेले होते. "गुरुजी, आधीं फोन घ्यावा कीं पोराचे पैसे भरावे?" असा त्यांचा प्रश्न होता. या प्रश्नास उत्तर देण्यापूर्वीं आम्हीं त्यांच्यापाशीं आठ दिवसांची मुदत मागितली.

तीन कारणें

बॅटरी ही घरावरील पाण्याच्या टांकीसारखी आहे असें समजा. सकाळीं भरलेली टांकी दुपारींच रिकामी झाली, तर त्याचीं मुख्य कारणें तीन. टांकींत गाळ सांचून पाणी कमी मावत असेल. किंवा घरांतील एखादा नळ नीट बंद होत नसून रात्रंदिवस ठिबकत असेल. अथवा घरांतील माणसेंच पाणी सढळ हातानें वापरीत असतील. या तिन्ही कारणांवर उपाय निरनिराळे आहेत. नळ ठिबकत असतां नवी टांकी बसविणें म्हणजे चोर सोडून संन्याशास फांशीं देण्यासारखें होय. फोनच्या बाबतींत गाळ म्हणजे बॅटरीचें वार्धक्य, ठिबकणारा नळ म्हणजे आपल्या नकळत चालणारा खर्च, आणि सढळ हात म्हणजे आपला स्वतःचा वापर. यांपैकीं कोणतें कारण आपल्या घरीं लागू आहे हें आधीं ठरवावें, मग पैसे काढावे.

टांकींत मावतें किती?

आजच्या बहुतेक स्मार्टफोनांत लिथियम-आयन जातीची बॅटरी असते. १९७० नंतरच्या दशकांत स्टॅन्ले व्हिटिंगहॅम यांनीं लिथियमवर चालणारा विद्युत्घट तयार केला. १९८० सालीं जॉन गुडइनफ यांनीं त्यासाठीं कोबाल्टयुक्त द्रव्य शोधून काढून त्याचा विद्युद्दाब वाढविला. १९८५ सालीं जपानांतील अकिरा योशिनो यांनीं शुद्ध लिथियम धातूऐवजीं कार्बनयुक्त द्रव्य योजून तो घट पुष्कळच सुरक्षित केला. आणि १९९१ सालीं सोनी कंपनीनें ही बॅटरी बाजारांत आणिली. या तिघां शास्त्रज्ञांस २०१९ सालचें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक विभागून देण्यांत आलें.

या बॅटरीच्या एका बाजूस लिथियमयुक्त ऑक्साइड असतें, आणि दुसऱ्या बाजूस ग्राफाइट, म्हणजे आपल्या शिसपेन्सिलींत असतें तेंच काळें द्रव्य. बॅटरी चार्ज होत असतां लिथियमचे विद्युद्भारित कण ऑक्साइडांतून निघून ग्राफाइटच्या थरांत जाऊन बसतात. आपण फोन वापरूं लागलों कीं ते परत फिरतात, आणि त्याच वेळीं बाहेरच्या मार्गानें इलेक्ट्रॉन वाहतात. फोनला मिळणारी वीज ती हीच.

फोनच्या खोक्यावर पुष्कळदां ५,००० मिलिअँपिअर-तास असा आंकडा छापलेला असतो. म्हणजे अर्ध्या अँपिअरचा प्रवाह दहा तास मिळेल इतका हा सांठा. बॅटरीचा सरासरी विद्युद्दाब सुमारें ३.८५ व्होल्ट धरला, तर ५ ला ३.८५ नें गुणून सुमारें १९ वॉट-तास उत्तर येतें. घरांतील ९ वॉटचा एलईडी दिवा एवढ्या विजेवर जेमतेम दोन तास जळेल. तेवढ्यांतच आपला फोन चोवीस तास चालावा अशी आपली अपेक्षा असते. म्हणजे सरासरीनें त्यानें एका वॉटहूनहि कमी खर्च करावयास हवा. विजेच्या मीटरवर एक युनिट पडतें, तेवढ्यांत, वाटेंतील नासाडी जमेस धरूनहि, असा फोन सुमारें चाळीस वेळां पूर्ण भरतो. यावरून दिसून येईल कीं, बॅटरी जपावयाची ती विजेच्या बिलासाठीं नव्हे. अडीअडचणीच्या वेळीं फोन जिवंत असावा, आणि तो पुष्कळ वर्षें टिकावा, एवढ्याचसाठीं ती जपावयाची.

तीन रात्रींचा प्रयोग

आतां मूळ प्रसंगाकडे वळूं. आम्हीं त्या विद्यार्थ्यास एक वही दिली आणि शास्त्राच्या तासाला शिकविलेला नियम पुन्हा सांगितला: एका वेळीं एकच गोष्ट बदलावी, दोन बदलल्या तर गुण कोणाचा हें कळत नाहीं. त्याच्या वडिलांनीं आठ दिवसांपुरता आपल्या भावाचा फोन घरीं ठेविला, म्हणजे प्रयोगाच्या नादांत घर पुन्हा निराधार राहूं नये.

पहिल्या रात्रीं कांहींच बदलावयाचें नव्हतें. दहा वाजतां फोन चार्जरवरून काढून नेहमीच्या जागीं ठेवावा, वहींत टक्के लिहावे, आणि सकाळीं सहा वाजेपर्यंत त्यास कोणी हात लावूं नये. सकाळीं पाहतां २४ टक्के खर्च झालेले! कोणी न वापरतां आठ तासांत जवळजवळ पाव बॅटरी नाहींशी झाली. हिशेब केला तर हा खर्च अर्ध्या वॉटहून थोडा अधिक भरतो. आंकडा लहान दिसतो. परंतु ज्या फोननें दिवसरात्र मिळून सरासरी एक वॉटहि खर्च करूं नये, त्याच्या दृष्टीनें झोंपेंत अर्धा वॉट जाणें ही मोठीच गळती होय.

दुसऱ्या रात्रीं फोन एअरप्लेन मोडमध्यें ठेविला. या स्थितींत फोनचा टॉवरशीं संबंध तुटतो. वाय-फाय व ब्लूटूथ तेवढीं बंद झालीं आहेत ना, हें पाहून घ्यावें. त्या रात्रीं खर्च झाला अवघा ३ टक्के. या एका आंकड्यानें पुष्कळ गोष्टी उलगडल्या. बॅटरी आपोआप झिरपत असती, तर ती याहि रात्रीं झिरपली असती. तेव्हां बॅटरी निर्दोष ठरली. गळती होती ती बाहेरच्या जगाशीं चाललेल्या बोलण्यांत.

परंतु हें बोलणें कोणाचें? फोनचें स्वतःचें, कीं त्यांत उतरवून घेतलेल्या एखाद्या ॲपचें? याचा निवाडा तिसऱ्या रात्रीं झाला. अँड्रॉइड फोनांत सेफ मोड नांवाची एक सोय असते. या मोडमध्यें फोन सुरू केला असतां, आपण मागाहून घेतलेलीं ॲप्स चालत नाहींत. फोन मात्र टॉवरशीं नेहमीप्रमाणें जोडलेला राहतो. त्या रात्रींचा खर्च १८ टक्के. आतां वजाबाकी करा. नेहमीचे २४, त्यांतून १८ गेले, राहिले ६. हा वांटा मागाहून घेतलेल्या ॲप्सचा. अठरांतून एअरप्लेन मोडचे ३ गेले, राहिले १५. हा वांटा टॉवरशीं चाललेल्या झटापटीचा.

ही झटापट कां होते तें सांगतों. फोन जसा ऐकतो तसा बोलतोहि. मनुष्य जवळ असेल तर आपण हळू बोलतों, दूर असेल तर ओरडतों. फोनचेंहि तसेंच. रेंज चांगली असली म्हणजे तो अत्यल्प शक्तीनें संदेश पाठवितो. रेंज कमी पडली कीं तो आपला आवाज चढवितो. साधारण ४जी फोनच्या आवाजाची कमाल मर्यादा एकपंचमांश वॉट इतकी असते, आणि तेवढी शक्ति हवेंत सोडण्यासाठीं बॅटरींतून तिच्या कितीतरी पट काढावी लागते. शिवाय रेंज येऊन जाऊन असली, तर तो पुनःपुन्हा टॉवर शोधीत राहतो. भारतांत १ ऑक्टोबर २०२२ रोजीं ५जी सेवा सुरू झाली. पण डोंगराच्या आडोशास तिची रेंज क्षणांत लागावी, क्षणांत जावी, असें पुष्कळ ठिकाणीं घडतें. अशा जागीं फोन ५जी व ४जी यांच्यामध्यें येरझारा घालीत बसतो.

या घरांत फोन ठेवण्याची जागा होती आंतल्या खोलींतील लोखंडी कपाटांत. चौथ्या रात्रीं तो तेथून काढून, जेथें रेंजच्या रेषा अधिक दिसत होत्या त्या पूर्वेच्या खिडकींत ठेविला, आणि सेटिंग्जमध्यें जाऊन नेटवर्कचा प्रकार ५जी ऐवजीं ४जी केला. येथें खरें पाहतां दोन गोष्टी एकदम बदलल्या, व आमच्याच नियमाचा भंग झाला. हें विद्यार्थ्यानेंच आमच्या नजरेस आणून दिलें, याचा आम्हांस आनंद वाटला. असो. त्या रात्रीं खर्च २४ वरून ११ वर आला.

उरलेल्या सहा टक्क्यांचा चोर शोधणें सोपें होतें. सेटिंग्जमध्यें बॅटरी या सदराखालीं कोणत्या ॲपनें किती वीज घेतली याची यादी असते. अँड्रॉइडमध्यें व आयफोनमध्यें मांडणी निराळी असली तरी यादी दोहोंतहि आहे. ती वाचतांना दोन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. एक, तेथील टक्के हे बहुधा झालेल्या खर्चाचे असतात, सबंध बॅटरीचे नव्हेत. खर्चच थोडा असेल तर ४० टक्के हा आंकडाहि भीतिदायक नसतो. दुसरी, ॲप समोर उघडें असतां झालेला वापर आणि पडद्याआड झालेला वापर हे वेगवेगळे पाहावे. समोरचा वापर आपला. पडद्याआडचा वापर त्या ॲपचा. या यादींत हवामान सांगणारें एक ॲप सांपडलें. कांद्याच्या काढणीच्या वेळीं पावसाचा अंदाज कळावा म्हणून तें घेतलें होतें. घेतांना त्यास 'तुमचें ठिकाण केव्हांहि पाहण्याची' परवानगी देण्यांत आली होती, आणि तें रात्रभर या घराचा ठावठिकाणा विचारीत बसे. आंधळें दळतें आणि कुत्रें पीठ खातें, तशांतला हा प्रकार! ॲप काढून टाकण्याचीहि गरज पडली नाहीं. परवानगी 'ॲप वापरतांनाच' अशी बदलली, आणि पांचव्या रात्रीं खर्च झाला ५ टक्के.

या ठिकाणीं एक इशारा देणें अवश्य आहे. एअरप्लेन मोडमध्यें खर्च सर्वांत कमी होतो, म्हणून कित्येक लोक तो नेहमींच रात्रीं लावून ठेवितात. ज्या घरीं रात्रीं फोन येण्याची अथवा करण्याची गरज पडूं शकते, तेथें हा उपाय करूं नये. कारण तशा फोनची घंटा वाजत नाहीं. तो मोड आम्हीं तपासासाठीं वापरला, औषध म्हणून नव्हे.

दिवसाचा खर्च

रात्रीची गळती थांबली. परंतु दिवसाचा हिशेब अजून बाकी होता. दिवसाच्या खर्चांत बहुधा पहिला मान स्क्रीनचा असतो. ती जितकी तेजस्वी व जितका वेळ उघडी, तितका खर्च अधिक. म्हणून स्क्रीनचा उजेड बेताचा ठेवणें, आणि हात काढल्यावर तीस सेकंदांत ती आपोआप बंद होईल असें करणें, हे सर्वांत स्वस्त व सर्वांत गुणकारी उपाय होत. काळी पार्श्वभूमी ठेविली कीं बॅटरी वांचते असें म्हणतात. तें अर्धेंच खरें आहे. एलसीडी जातीच्या स्क्रीनमागें एक दिवा सतत जळत असतो. पुढें काळें दिसो वा पांढरें, त्याचा खर्च जवळजवळ तोच. ओलेड जातीच्या स्क्रीनचा प्रत्येक ठिपका मात्र स्वतःच प्रकाशतो, आणि काळा ठिपका विझलेला असतो. अमेरिकेंतील पर्ड्यू विद्यापीठाच्या संशोधकांनीं २०२१ सालीं अशा ओलेड फोनांची परीक्षा केली. उजेड पूर्ण ठेविला असतां काळ्या पार्श्वभूमीनें सरासरी ३९ ते ४७ टक्के बचत झाली. परंतु ३० ते ५० टक्के उजेडावर ती केवळ ३ ते ९ टक्के भरली.

त्या घरच्या फोनची दिवसाची यादी आम्हीं वडिलांसमक्ष उघडली. सर्वांत वर व्हिडिओ दाखविणारें एक ॲप होतें, आणि त्यापुढें ३ तास १० मिनिटें असा वेळ नोंदलेला होता. आमच्या विद्यार्थ्यानें मान खालीं घातली. थोड्या वेळानें त्यानें आपण होऊन सांगितलें कीं, आजी आजारी पडली त्या दिवशीं वीज गेलेली असतांहि संध्याकाळीं आपण दोन तास क्रिकेटचे सामने पाहत बसलों होतों. दहा वाजतां फोनमध्यें १५ टक्केच कां उरले होते, याचें उत्तर त्यास कोणी न विचारतां सांपडलें होतें. वडील रागावतील अशी आम्हांस भीति वाटली, परंतु ते इतकेंच म्हणाले, "आणि धांवत गेलास तोहि तूंच." आम्ही त्यावर कांहीं बोललों नाहीं.

बॅटरीचें वार्धक्य

तिसरें कारण उरलें, तें टांकींतील गाळाचें. लिथियम-आयन बॅटरी वापरानें व वयानें झिजते. तिच्या ग्राफाइटवर एक पातळ थर असतो. तो काळानें जाड होत जातो, आणि त्यांत कांहीं लिथियम कायमचें अडकून पडतें. उष्णतेनें ही झीज झपाट्यानें होते. बॅटरी पूर्ण भरलेली ठेवून दीर्घकाळ तापूं दिली तर अधिकच. म्हणून आमच्याकडील चैत्र-वैशाखांत फोन उन्हांत, मोटारीच्या कांचेमागें किंवा चुलीजवळ ठेवूं नये, आणि उशीखालीं ठेवून चार्ज करूं नये. साधेल तेव्हां बॅटरी २० ते ८० टक्क्यांच्या दरम्यान राखावी. मात्र प्रवासास निघतांना किंवा वीज जाण्याचा रंग दिसतांच ती खुशाल पूर्ण भरावी. बॅटरी आपल्यासाठीं आहे, आपण बॅटरीसाठीं नव्हे.

बॅटरीचें वय चक्रांनीं मोजतात. दोन दिवस अर्धी अर्धी वापरली तर मिळून एक चक्र झालें. युरोपीय संघानें २० जून २०२५ पासून असा नियम लागू केला आहे कीं, तेथें नव्यानें विकावयास आणिलेल्या स्मार्टफोनची बॅटरी ८०० चक्रांनंतरहि मूळच्या निदान ८० टक्के सांठा धरणारी असावी. म्हातारी बॅटरी ओळखण्याच्या खुणा अशा: तीस टक्के दिसत असतां फोन एकाएकीं बंद पडणें, आणि न वापरतां रात्रभर एअरप्लेन मोडमध्यें ठेवूनहि पुष्कळ खर्च होणें. अशा वेळीं मात्र बॅटरी अवश्य बदलावी. सबंध फोन टाकण्याचें कारण नाहीं. २०१७ च्या डिसेंबरांत ॲपल कंपनीनें मान्य केलें कीं, झिजलेल्या बॅटरीचे जुने आयफोन अचानक बंद पडूं नयेत म्हणून ती त्यांचा वेग कमी करीत असे. आणि पुढें लवकरच तिनें बॅटरी बदलण्याचा दर ७९ डॉलरांवरून २९ डॉलरांवर आणिला. ज्यांस नवा फोन घ्यावासा वाटत होता, त्यांपैकीं अनेकांस केवळ नव्या बॅटरीची गरज होती. बॅटरी फुगून फोनची पाठ उचललेली दिसली, तर मात्र तो लगेच बंद करावा, चार्जरला लावूं नये, टोंचूं किंवा दाबूं नये, आणि जाणत्या कारागिराकडे न्यावा.

कांहीं खोट्या समजुती

शेवटीं तीन समजुतींविषयीं लिहितों. पहिली, बॅटरी पूर्ण रिकामी करूनच पुन्हा भरावी. ही शिकवण जुन्या निकेल-कॅडमियम बॅटरींची आहे. आजच्या बॅटरीस वारंवार तळ दाखविणें उलट बाधकच होतें. दुसरी, उघडलेलीं ॲप्स बोटानें सारून टाकलीं कीं बॅटरी वांचते. बहुतेक ॲप्सना फोन स्वतःच निजवून ठेवितो. अँड्रॉइडमध्यें ही व्यवस्था २०१५ सालच्या सहाव्या आवृत्तीपासून अधिक कडक झाली आहे. दर वेळीं ॲप काढून पुन्हा उघडणें म्हणजे चूल विझवून पुन्हा पेटविणें होय. त्यांत जळण अधिक लागतें. तिसरी, बॅटरी वांचविणारें एखादें निराळें ॲप घ्यावें. फोनमध्येंच बॅटरी सेव्हरची सोय असते, तीच पुरेशी आहे. बाहेरचा राखणदार ठेविला तर त्यासहि जेवूं घालावें लागतें.

आठ दिवसांनीं ते गृहस्थ पुन्हा आले तेव्हां प्रश्न उरला नव्हता. नवा फोन घेतला नाहीं. वसतिगृहाचे पैसे वेळेवर भरले गेले. त्या घरांत मात्र एक नवा नियम झाला आहे, आणि तो मुलानेंच काढिला आहे. संध्याकाळनंतर बॅटरी ३० टक्क्यांवर आली कीं फोन पूर्वेच्या खिडकींत जातो, आणि कोणीहि व्हिडिओसाठीं त्यास हात लावीत नाहीं. 'शेवटले तीस टक्के आजीचे' असें ती मंडळी म्हणतात.

आमच्या प्रत्येक विद्यार्थ्यानें दिवाळीच्या सुट्टींत आपल्या घरच्या एका फोनचा असा हिशेब मांडावा अशी आमची सूचना आहे. एक वही, एक घड्याळ आणि तीन रात्री एवढेंच साहित्य पुरे. वडीलधाऱ्या माणसांचा फोन असेल तर त्यांची परवानगी घ्यावी, प्रयोगाच्या रात्रीं घरांत दुसरा फोन चालू आहे याची खात्री करावी, आणि आंकडे जसे येतील तसेच लिहावे. दिवसाची यादी पाहतांना त्यांत आपलें स्वतःचें नांव निघालें, तर तेंहि वहींत लिहावें. सुट्टीनंतर ह्या वह्या आम्ही वर्गांत मोठ्या आनंदानें तपासूं.